घोडा का अडला?

लहानपणी आपण सगळ्यांनीच एक कोडं ऐकलेलं असतं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? प्रश्न तीन आणि उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. शाळेत गुरुजींनी हे कोडं घातलं तेव्हा सगळ्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं होतं. मी मात्र गप्प राहिलो. कारण मी रोज असे घोडे पाहत होतो, जे पहाटे चारपासून फिरत असत आणि तरीही अडत असत.

माझे मामू पुण्यात रेसच्या घोड्यांच्या एका तबेल्यात सईस होते. जुन्या मराठीत ज्याला मोतद्दार म्हणतात, ते काम. ही गोष्ट १९८०-८१ च्या सुमाराची. पुण्याचा रेसचा हंगाम पावसाळ्यातला. तो संपला की घोडे घाट उतरून मुंबईला, महालक्ष्मीला जात. पुण्याच्या हंगामात मी शाळेत जाण्याआधी मामूंचा डबा घेऊन तबेल्यात जायचो. ओल्या गवताचा, लिदीचा आणि तेल लावलेल्या चामड्याचा तो वास अजूनही नाकात आहे.

मामूंच्या हाताखाली एक तांबूस घोडी होती. रेसच्या पुस्तकात तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, मामू तिला लाली म्हणत. लालीची तक्रार अशी, की ती चंदी अर्धी टाकायची. दाण्यात दोनदा तोंड घालायची आणि मान वळवून भिंतीकडे बघत उभी राहायची. खरारा करताना पोटाजवळ हात गेला की कान मागे पडायचे. खोगिराचा तंग आवळायला घेतला की चावायला धावायची. शर्यतीत पहिली हजार मीटर सगळ्यांच्या पुढं, आणि शेवटच्या वळणावर जणू कुणी मागून ओढल्यासारखी मागं मागं. तबेल्यात तिच्याबद्दल एकमत होतं : घोडी लबाड आहे, अंगचोर आहे. तिला चाबूक जरा जास्तच बसायचा.

एकटे मामू म्हणत, "इसके पेट में आग है." ते स्वतः खिशात खाण्याच्या सोड्याची पुडी घेऊन फिरत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला सगळे हसत. डॉक्टर आले, पाय दाबून पाहिले, छाती ऐकली, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस लाली तबेल्यातून गेली. कुठं गेली, ते सईसाला कुणी सांगत नाही.

मी काही पशुवैद्य नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण काही वर्षांपूर्वी माझ्याच पोटात दुर्बीण घालून तपासणी झाली. पडद्यावर माझ्या जठराच्या अस्तरावरची लालसर जखम दिसली आणि मला एकदम लाली आठवली. घोड्याच्या पोटात कुणी अशी दुर्बीण घातली असेल का? घातली असेल तर काय दिसलं असेल? या प्रश्नामागं जाता जाता जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी घोड्याचं पोट कसं असतं ते पाहू. एवढं धिप्पाड जनावर, पण त्याचं जठर अगदी लहान. आठ ते पंधरा लिटर मावतील एवढंच. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट त्याला नाही, आणि खाल्लेलं परत तोंडात आणून रवंथ करण्याची सोयही नाही. निसर्गानं घोडा घडवला तो गवताळ रानासाठी. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो. एकेक पाऊल टाकत थोडं थोडं खातो. त्यामुळे त्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं. समोर खाणं असो वा नसो, तासाला लिटर-दीड लिटर जठररस येतच राहतो.

माणसाचं तसं नाही. आपल्या पोटात जास्तीचं आम्ल येतं ते मुख्यतः जेवणाच्या वेळी. म्हणून तर रोजा असो की एकादशी, निरोगी माणसाला उपास झेपतो. घोड्याला उपास झेपत नाही. त्याच्या पोटातल्या आम्लावर उतारा म्हणजे त्याचीच लाळ, आणि ती सुटते फक्त चावताना. गवत जितकं जास्त वेळ चावावं तितकी लाळ जास्त. दाणा चटकन गिळला जातो, त्याला लाळ कमी. आणखी एक गोष्ट. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं वर काढून टाकण्याची मुभाच त्याला नाही.

जठराचे भागही दोन. खालचा भाग लालसर, ग्रंथींचा. आम्ल तिथं तयार होतं आणि त्या भागावर चिकट स्रावाचं जाड पांघरूण असतं. वरचा भाग पांढुरका, अन्ननलिकेच्या आतल्या कातडीसारखा. त्याला असं पांघरूण नाही. पोटात गवत भरलेलं असेल तर त्याचा एक तरंगता थर होतो आणि आम्ल खालीच राहतं. पोट रिकामं असेल तर वरच्या उघड्या कातडीला आम्लाचे चटके बसू लागतात. घोड्याच्या अल्सरची ही अशी साधी गोष्ट आहे. ती कळायला माणसाला जो वेळ लागला, तो मात्र साधा नाही.

घोड्याचं पोट म्हणजे घोड्याचा प्राण, हे आपल्याकडे ठाऊक नव्हतं असं नाही. संस्कृतात अश्ववैद्यकाची मोठी परंपरा शालिहोत्राच्या नावानं चालत आली. पुढं ती फारसीत उतरली, तिची भाषांतरं झाली. शालिहोत्र या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणू लागले. संस्कृतातून निघून फारसी-उर्दूच्या अंगणातून फिरून पुन्हा मराठी माणसाच्या पागेत आलेला हा शब्द मला फार आवडतो. माझ्या मामूंच्या तोंडीही तोच होता. या सलोत्रींच्या विद्येत पोटशूळ हा नेहमीचा विषय.

मराठ्यांच्या फौजेचं बळ घोड्यात होतं. दसऱ्याला बाहेर पडायचं, मुलूखभर फिरायचं आणि पावसाळ्यात छावणीला परतायचं, असा क्रम. मोहिमेत घोडा चरत चरत जाई. छावणीत मात्र त्याच्या वैरणीची तजवीज माणसालाच करावी लागे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनाला येईल तशी संपवली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्या माथी येईल, असा त्याचा आशय. राजानं घोड्याच्या गवताचा हिशेब मांडावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. अल्सर हा शब्द कुणाला माहीत नव्हता. पण बांधलेल्या घोड्याच्या पोटाची जबाबदारी बांधणाऱ्यावर असते, हे माहीत होतं.

रेसचा घोडा मात्र वेगळ्याच शाळेत वाढला. ही शाळा इंग्लंडातली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडचे काही घोडे तिकडं गेले. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे त्यांतले तीन. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याची नराकडची वंशावळ या तिघांपैकी एकापर्यंत जाऊन पोचते. वेगासाठी निवडून निवडून पैदास झाली आणि त्याबरोबर घोडा तयार करण्याचं एक शास्त्रही उभं राहिलं. त्या काळच्या तबेल्यांत घोड्याला कोरफडीच्या काळ्या बोळाचा जुलाब देत. अंगावर घोंगड्यांचे थर टाकून पळवत आणि घाम काढत. शर्यतीआधी त्यानं गवताला तोंड लावू नये म्हणून तोंडाला मुसकं बांधत. रिकामं पोट म्हणजे हलका घोडा आणि हलका घोडा म्हणजे वेगवान घोडा, असा हिशेब. हिशेब वजनाचा होता. आम्ल त्यात कुणी धरलंच नव्हतं.

याच काळातला एक्लिप्स नावाचा घोडा रेसच्या दुनियेत दंतकथा होऊन राहिला आहे. १७६४ चा जन्म. १७६९ आणि १७७० या दोन वर्षांत तो धावला आणि एकदाही हरला नाही. १७८९ मध्ये तो पोटशुळानं मेला. व्हायल द सेंबेल या फ्रेंच पशुवैद्यानं त्याचं शवविच्छेदन केलं, हाडांची बारकाईनं मापं घेतली. याच सेंबेलनं पुढं १७९१ मध्ये लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पहिला प्राध्यापक म्हणून काम सुरू केलं. एक्लिप्सच्या वेगाचं गूढ त्याच्या हाडांच्या प्रमाणात असावं, असा त्याचा कयास. लोकांच्या तोंडी राहिलं ते त्याचं हृदय. चौदा पौंडांचं भरलं म्हणतात.

दीडशे वर्षांनी ऑस्ट्रेलियाचा लाडका घोडा फार लॅप याच्या बाबतीत जवळपास तेच झालं. १९३२ मध्ये तो कॅलिफोर्नियात अचानक मेला. तपासणीत त्याचं जठर आणि आतडी सुजलेली आढळली. विषप्रयोगाचा संशय आला आणि त्यावर कित्येक दशकं वाद चालला. आज त्याचं सहा किलोंहून अधिक वजनाचं हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड ठेवलेलं आहे. रेसच्या दुनियेला घोड्याच्या हृदयाचं फार कौतुक. धावतो तो हिमतीवर, आणि हिंमत असते काळजात, ही समजूत. मग जो धावत नाही त्याच्याकडे काळीज नाही, हे ओघानं आलंच. लालीला लबाड ठरवणारी माणसं वाईट नव्हती. दोनशे वर्षांची ही समजूत त्यांच्या पाठीशी होती.

इंग्रजांबरोबर ही शाळा आपल्याकडे आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत भायखळ्याला शर्यती होत. इराणच्या आखातातून जहाजांनी आलेल्या अरबी घोड्यांचा मोठा व्यापार मुंबईत चाले आणि त्यांतले निवडक घोडे मैदानात उतरत. महालक्ष्मीचं रेसकोर्स सुरू झालं १८८३ मध्ये, आणि परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये. हळूहळू अरबी घोडे मागं पडले आणि थरोब्रेड पुढं आले. १९४३ पासून इंडियन डर्बी सुरू झाली. तबेल्याचं वेळापत्रक मात्र थोड्याफार फरकानं विलायतेचंच राहिलं. मी पाहिलं ते असं : पहाटे रिकाम्या पोटी घोडा बाहेर काढायचा, मैदानावर पळवायचा, आणून धुवायचा, चंदी द्यायची. मग बारा फूट लांब, बारा फूट रुंद खोलीत दिवसभर उभं राहणं. दुपारी थोडं चालणं, संध्याकाळी पुन्हा चंदी. दाणा भरपूर, कारण पळायला ताकद हवी. गवत बेताचं, कारण पोट सुटायला नको.

आता येतो तो भाग, ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे.

माणसाच्या जठरात डोकावून पाहणारी लवचीक दुर्बीण १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. पण माणसासाठी पुरणारी नळी घोड्याला कशी पुरावी? नाकपुडीतून घशात आणि तिथून एवढी लांब मान पार करून जठरात पोचायचं तर तीन मीटरची नळी लागते. ती हाती येईपर्यंत घोड्याच्या जठराचं आतलं रूप दिसायचं ते घोडा मेल्यावरच.

आणि पहिली ठळक साक्ष दिली ती मेलेल्या घोड्यांनीच. हाँगकाँगमध्ये. तिथं घोड्यांची पैदास होत नाही. सगळे घोडे बाहेरून येतात, आणि दाटीच्या शहरात कुरणं कुठून असणार? घोडे तबेल्यात राहतात आणि मैदानावर पळतात. तिथल्या पशुवैद्यांनी १९५ थरोब्रेड घोड्यांची जठरं मरणोत्तर उघडून पाहिली आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातल्या ६६ घोड्यांच्या जठरात व्रण होते. सरावातून थेट आलेल्या घोड्यांचा वेगळा हिशेब केला तर शंभरात ८०. निवृत्त होऊन महिना किंवा अधिक काळ लोटलेल्यांत ५२. म्हणजे पळणं थांबलं की जखमा कमी होत होत्या. हे वाचलं तेव्हा मी तारीख पुन्हा पाहिली. लाली तबेल्यातून गेली, त्यानंतर पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती.

पुढं लांब दुर्बिणी आल्या आणि जिवंत घोडे तपासता येऊ लागले. अमेरिकेत मायकेल मरे या पशुवैद्यानं या कामात मोठी वाट पाडली. १९९६ मध्ये त्याच्या गटानं सरावात असलेल्या ६७ रेसच्या घोड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६२ घोड्यांच्या जठरात जखमा होत्या. २००३ मध्ये सिडनीच्या ३४५ घोड्यांची पाहणी आली, तिथं प्रमाण शंभरात ८६. देश वेगळे, हवा वेगळी, घोडे वेगळे. तबेल्याचं वेळापत्रक तेवढं सारखं.

त्याच काळात मरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. घोड्यांना एक दिवस चारा आणि एक दिवस उपास, असं आठवडाभर ठेवलं. एवढ्यावर जठराच्या वरच्या भागात व्रण दिसू लागले. शर्यत नको, चाबूक नको. रिकामं पोट पुरेसं होतं.

मग धावण्याचा संबंध काय? त्याचं उत्तर फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका प्रयोगानं २००२ मध्ये दिलं. घोड्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं आणि जठराच्या आतला दाब आणि आम्लता मोजली. घोडा पावलं टाकत होता तोवर सारं ठीक. त्यानं चालणं सोडून वेग घेतला की पोटाचे स्नायू आवळले जात, जठर दाबलं जाई आणि आतलं आम्ल वर चढे. घोडा पुन्हा चालीवर येईपर्यंत हे असंच राही. एखादी अर्धी भरलेली पाण्याची पिशवी मुठीत दाबावी, तसं. म्हणजे घोडा जितका वेळ पळतो तितका वेळ त्याच्या जठराची उघडी कातडी आम्लात भिजत असते. लाली हजार मीटरनंतर का मागं पडत असे, याचं हे एक शक्य उत्तर. तिच्या पोटात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे खात्रीनं मी म्हणणार नाही.

खात्रीनं बोलू नये असं आणखीही आहे. अल्सरमुळे घोडा हरतो, असं सरळ गणित मांडता येत नाही. शंभरात ऐंशी घोड्यांना व्रण असतील, तर जिंकणाऱ्यांतही ते असणारच. जखम खोल असूनही मुकाट पळणारे घोडे असतात आणि थोड्या जखमेनं हैराण होणारेही असतात. माणसांचंही असंच नाही का? तरी काही पुरावे आहेत. २००८ मध्ये इंग्लंडातल्या पशुवैद्यांनी चार रेसच्या घोड्यांची हकिकत प्रसिद्ध केली. चौघांचीही तक्रार एकच, अपेक्षेइतकं पळत नाहीत. अल्सरवर उपचार झाले आणि त्यांची कामगिरी सुधारली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी मोजक्या घोड्यांना सरकत्या पट्ट्यावर पळवून पाहिलं. जठरातले व्रण घोड्याची दमसास आणि प्राणवायू घेण्याची ताकद कमी करू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष. दुखणाऱ्या पोटानं टांग आखूड पडते, श्वास पुरा घेतला जात नाही, चारा टाकल्यामुळे ताकद भरत नाही. यातलं प्रत्येक कारण छोटं. पण रेस जिंकली-हरली जाते ती मानेच्या अंतरानं.

इथं माणसाच्या पोटाची कथा आठवते. माणसाचा अल्सर चिंतेमुळे आणि तिखटामुळे होतो, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं. मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातल्या एका जंतूकडे बोट दाखवलं. लोकांना पटेना म्हणून मार्शलनं ते जंतू स्वतः पिऊन दाखवले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. माझ्याही जठरात तोच जंतू निघाला आणि दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी मी बरा झालो. घोड्याच्या बाबतीत गंमत उलटी झाली. त्याच्या जठराच्या वरच्या भागातल्या व्रणाचं खापर काही कुठल्या जंतूवर फोडता आलं नाही. तिथं कारण निघालं ते त्याला ठेवण्याची आणि खाऊ घालण्याची रीत. थोडक्यात, माणूस.

औषधही माणसाकडूनच घोड्याकडे गेलं. जठरातलं आम्ल रोखणारं ओमेप्राझोल १९८८ मध्ये स्वीडनमधून बाजारात आलं. आज आपल्या घराघरांत सकाळी रिकाम्या पोटी घेतली जाणारी ती गोळी. १९९९ मध्ये अमेरिकेत घोड्यांसाठी त्याच औषधाच्या मलमासारख्या लेपाला परवानगी मिळाली. पिचकारीनं जिभेवर द्यायचं, अठ्ठावीस दिवस. व्रण चांगले भरून येतात. पण औषध थांबवून घोडा त्याच वेळापत्रकात उभा केला तर ते पुन्हा उघडतात. म्हणून मग कमी मात्रेत औषध चालू ठेवण्याचीही शिफारस आली. औषधाला मी नाव ठेवत नाही, दुखणाऱ्याचं दुखणं थांबतं ही लहान गोष्ट नव्हे. पण तबेला तसाच ठेवून घोड्याचं जठर तेवढं बदलायचा हा प्रयत्न आहे, असं माझ्या मनात येतं. आपण तरी वेगळं काय करतो? दुपारचं जेवण चारला, रात्रीचं अकराला आणि सकाळी गोळी.

२०१५ मध्ये युरोपातल्या अश्ववैद्यांनी या विकाराची नीट फोड केली. जठराच्या वरच्या भागाचे व्रण वेगळे, खालच्या ग्रंथींच्या भागाचे वेगळे. दोघांची कारणं आणि उपचार एक नाहीत, असं त्यांनी बजावलं. खालच्या भागाच्या व्रणांचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. वरच्या भागाबाबत मात्र तज्ज्ञांचा सल्ला ऐकून मी थक्क झालो. घोड्यासमोर वैरण जास्तीत जास्त वेळ असू द्या. दाणा एकदम ढीगभर घालू नका, थोडा थोडा द्या. लसूणघास चांगला, कारण त्यातल्या चुन्यानं आणि प्रथिनांनी आम्लाला उतार पडतो. आणि कामावर काढण्याआधी थोडा चारा खाऊ घाला, म्हणजे त्याचा थर आम्लाला वर उसळू देत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर मामूंची पहाट उभी राहिली. मामू लुंगीच्या ओच्यात लसूणघास लपवून आणत. कंदिलाची वात बारीक करत आणि खोगीर चढवण्याआधी लालीला मूठमूठ चारत. तिच्या चावण्याचा करकर आवाज त्या अंधारात मोठा वाटायचा. मी दाराशी उभा राहून कुणी येतंय का ते बघायचो. एकदा हे पकडलं गेलं. भरल्या पोटी घोडी काढतोस, तिला मारतोस काय, म्हणून मामूंना सगळ्यांदेखत बोलणी बसली आणि आठवड्याचा पगार कापला गेला. त्यानंतर लसूणघास बंद झाला. पुढचे दोन रविवार लाली शेवटून पहिली आली.

मामूंना सगळं कळत होतं, असा माझा दावा नाही. ते हरभऱ्याच्या गरमीला दोष देत आणि नजर लागली म्हणून मिरच्याही ओवाळत. पण रोज दहा तास त्या घोडीजवळ असणारा माणूस तो एकच होता. तिनं किती खाल्लं, किती टाकलं, कुठं हात लावला की ती शहारली, हे त्याला ठाऊक होतं. त्याला दुर्बिणीची गरज पडली नाही. पण त्याचा शब्द कुठल्या वहीत लिहिला गेला नाही, आणि लालीच्या पुढ्यात जो शेरा पडला तो कायमचा. मामू १९९३ मध्ये गेले. त्यांना हाँगकाँगचे आकडे कधी कळले नाहीत. कळते तर ते फक्त मान हलवते आणि घोड्याला पाणी दाखवायला निघून जाते.

आता घोडे पाळणारे पुष्कळ शहाणे झाले आहेत. वैरणीची जाळी घोड्यासमोर टांगलेली दिसते, दुर्बिणीनं तपासणी होते, औषध मिळतं. तरी घोडा मागं पडला की पहिला संशय अजूनही त्याच्या स्वभावावरच येतो. आणि घोड्यापुरतं तरी कशाला बोलायचं? वर्गातला मागं पडणारा मुलगा, कामावर चिडचिडणारी बाई, दमून भिंतीकडे बघत बसलेला माणूस. त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो ते आठवून पाहा. जेवलास का, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो.

माझ्या नातवानं परवा मला तेच जुनं कोडं घातलं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? मी म्हटलं, भाकरीचं आणि पानाचं तुझं उत्तर बरोबर आहे. घोड्याचं मात्र एकदा त्याच्याजवळ जाऊन बघावं लागेल. फिरवला नव्हता म्हणून अडला, की चरू दिलं नव्हतं म्हणून?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)